आधी ऐका, मग तपासा

मुखेड किंवा कंधारकडचा माणूस सकाळची एसटी धरून नांदेडला येतो. केसपेपर काढतो, रांगेत उभा राहतो. दोन तासांनी नंबर लागतो. डॉक्टर विचारतात, ‘काय होतंय मामा?’ तो सांगू लागतो, ‘साहेब, चार दिवस झाले, डोस्कं दुखायलंय...’ पुढचे वाक्य ओठांवर असतानाच प्रश्न सुरू होतात. ताप आहे का? उलटी झाली का? बीपीची गोळी चालू आहे का? हो-नाही, हो-नाही करता करता चिठ्ठी लिहून होते. माणूस उठतो, दारापर्यंत जातो आणि वळून म्हणतो, ‘एक सांगायचं राहिलं साहेब. कालपासून डाव्या हातातून वस्तू निसटायल्यात.’

चिठ्ठीवर डोकेदुखीची गोळी असते. हातातून वस्तू निसटणे ही मात्र लकव्याची सुरुवात असू शकते. त्याने वळून हे वाक्य सांगितले म्हणून बरे. तसाच बसस्टँडकडे गेला असता तर? सरकारी असो की खासगी, दवाखान्यात काम करणाऱ्या बहुतेकांना हे दारातले वाक्य ओळखीचे असते. सर्वांत महत्त्वाची तक्रार पुष्कळदा सर्वांत शेवटी येते. कधी संकोचामुळे, कधी भीतीमुळे, तर कधी ती सांगायला आधी जागाच मिळाली नाही म्हणून.

प्रभावी संवाद म्हटले की आपल्याला चांगले बोलणारी माणसे आठवतात. आरोग्याच्या बाबतीत मात्र संवादाचा अधिक मोलाचा अर्धा भाग ऐकण्याचा आहे. ऐकणे हा केवळ चांगुलपणा नाही. ते तपासणीचे साधन आहे आणि काही आजारांत उपचाराचा भागही आहे. विशेष म्हणजे, त्याला वाटतो तितका वेळ लागत नाही.

ब्याण्णव सेकंदांचा हिशेब

१९८४ मध्ये हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी डॉक्टर आणि रुग्ण यांच्या ७४ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले. रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याचे बोलणे तोडलेले आढळले. सुरुवातीचे म्हणणे पूर्ण करता आले असे रुग्ण जेमतेम २३ टक्के होते. २०१९ मध्ये अमेरिकेतच झालेल्या अशाच एका अभ्यासात तर बोलणे तोडण्याची वेळ ११ सेकंदांवर आली होती.

यामागे डॉक्टरांचा उद्धटपणा असतोच असे नाही. बाहेर रांग दिसत असते आणि मनात धास्ती असते, की याला मोकळे सोडले तर हा अर्धा तास थांबणार नाही. ही धास्ती कितपत खरी आहे, हे स्वित्झर्लंडमधील बासेल विद्यापीठाच्या रुग्णालयात तपासले गेले. तिथल्या डॉक्टरांना सांगितले, की रुग्ण आपणहून थांबेपर्यंत मध्ये बोलायचे नाही. ३३५ रुग्णांवरच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले. निम्म्या रुग्णांचे सांगून मिनिटभरातच झाले. ७८ टक्के रुग्ण दोन मिनिटांच्या आत थांबले. पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलणारे निघाले फक्त सात जण.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे, हे खरे. ६७ देशांतील माहिती एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात डॉक्टरांच्या भेटीचा सरासरी वेळ मांडला होता. स्वीडनमध्ये तो साडेबावीस मिनिटे होता, बांगलादेशात ४८ सेकंद आणि भारतात सुमारे दोन मिनिटे. एवढ्यात ऐकायचे, तपासायचे आणि औषधही समजावून सांगायचे. विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सोमवारी सकाळी बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या डॉक्टरला बासेलचे आकडे दाखवून ‘ऐकत जा’ म्हणणे सोपे आहे. त्यासाठी डॉक्टर वाढले पाहिजेत, परिचारिका आणि समुपदेशक वाढले पाहिजेत.

तरीही या आकड्यांत एक उपयोगी गोष्ट आहे. पहिल्या मिनिटात रुग्णाला बोलू दिले, तर पुढचे अनेक प्रश्न विचारावेच लागत नाहीत. बोलणे मध्येच तोडले, तर वेळ वाचल्यासारखा वाटतो. पण राहिलेली तक्रार दारात येते किंवा आठ दिवसांनी, आजार वाढल्यावर येते. मग त्याच रांगेत तोच माणूस पुन्हा उभा असतो.

यंत्राआधी कान

रुग्णाच्या बोलण्यातून किती निदान होते, याचा एक जुना आणि गाजलेला अभ्यास ब्रिटनमधला आहे. १९७५ मध्ये डॉ. हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रुग्णांची नोंद ठेवली. त्यातल्या ६६ जणांचे निदान आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाची हकिकत ऐकूनच झाले होते. प्रत्यक्ष तपासणीमुळे निदान बदलले असे सात जण होते आणि प्रयोगशाळेच्या चाचण्यांमुळे बदलले असेही सातच. त्या काळी आजची स्कॅनिंग यंत्रे नव्हती, हे लक्षात घेतले तरी मुद्दा शिल्लक राहतोच. कोणती चाचणी करायची, हे ठरवण्यासाठीही आधी हकिकत नीट ऐकावी लागते. नाहीतर डोक्याचा एमआरआय होतो आणि आजार असतो मानेत.

वैद्यकशास्त्राची सर्वांत ओळखीची खूण असलेला स्टेथोस्कोपही ऐकण्यासाठीच जन्माला आला. १८१६ मध्ये पॅरिसमधल्या रेने लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली आणि हृदयाचे ठोके स्पष्ट ऐकले. छाती ऐकायला आपण नळी शोधून काढली. माणूस ऐकायला मात्र फक्त थोडे थांबावे लागते.

शब्द तेच, अर्थ वेगळे

मराठवाड्यातला रुग्ण पुस्तकी भाषेत आजार सांगत नाही. ‘जीव घाबरायलाय’, ‘कसंतर व्हायलंय’, ‘अंगात मुंग्या यायल्यात’, ‘काळजात धस्स व्हायलंय’ असे तो म्हणतो. यातले एकही वाक्य एका रोगाचे नाव नाही. ‘जीव घाबरणे’ म्हणजे हृदयाची धडधड असेल, रक्तातली साखर कमी झाली असेल, पंडुरोग असेल किंवा मनावरचा ताणही असेल. कोणते खरे, हे पुढच्या दोन वाक्यांत कळते. केव्हा होते? काय करताना होते? कशाने थांबते? ही दोन वाक्ये ऐकली नाहीत, तर सगळ्यांना ताकदीची सलाइन मिळते.

सर्वांत धोकादायक शब्द बहुधा ‘गॅस’ हा असावा. छातीत जळजळ, जडपणा, ढेकर येणे या सगळ्याला आपण गॅस म्हणतो. रुग्ण स्वतःच ‘गॅस झालाय’ असे निदान सांगतो आणि ऐकणाराही तो शब्द पकडतो. ‘गॅस म्हणजे नेमके काय होते?’ असे विचारून ऐकले, तर एखादा सांगतो, ‘जिना चढला की छाती दाबल्यासारखी होते, घाम फुटतो, बसलं की बरं वाटतं.’ ही हकिकत पोटाची नाही, हृदयाची आहे. मधुमेह असणाऱ्यांमध्ये, वृद्धांमध्ये आणि अनेक स्त्रियांमध्ये हृदयविकाराची वेदना ठळकपणे छातीत जाणवतही नाही. नुसती धाप, मळमळ किंवा एकाएकी आलेला थकवा एवढेच लक्षण असते. त्यांच्या बाबतीत तर नीट ऐकणे हाच मोठा आधार.

स्त्रियांच्या तक्रारींचा विषय निघाला, की गडचिरोलीची आठवण होते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या केवळ आठ टक्के. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच धरले जात होते. बाकीचे दुखणे त्या सांगत नव्हत्या, कारण कोणी विचारत नव्हते. पुढे याच विषयावर डॉ. राणी बंग यांनी पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘कानोसा’.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून याच विषयाची दुसरी बाजू दिसली. ‘अंगावरून पांढरे जाते’ अशी तक्रार करणाऱ्या स्त्रियांमध्ये या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक ठळक होते. म्हणजे एकीकडे न सांगितलेला खरा आजार, तर दुसरीकडे शरीराच्या भाषेत सांगितलेले मनाचे दुखणे. समोरच्या बाईचे यातले कोणते, हे तिचे ऐकल्याशिवाय कळणार नाही. नवरा किंवा सासू शेजारी उभी असताना ती बोलणारही नाही. तिला दोन मिनिटे एकटीला भेटणे हाही ऐकण्याचाच भाग आहे.

आपल्या भागात भाषेचा प्रश्नही आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे घरात तेलुगू बोलली जाते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी, किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी, शहरांच्या अनेक मोहल्ल्यांत दखनी उर्दू. आजी तिच्या भाषेत चार मिनिटे सांगते आणि सोबतचा नातू मराठीत म्हणतो, ‘पोट दुखतंय म्हणती.’ चार मिनिटांचे तीन शब्द होतात. लहान मुलाला दुभाषा करू नये. आशाताई, परिचारिका किंवा ती भाषा जाणणारा एखादा मोठा माणूस मदतीला घेतला, तर हकिकत पुरी पोहोचते.

किल्लारीने दिलेला धडा

ऐकून घेण्याचा प्रश्न दवाखान्याच्या चार भिंतींत संपत नाही. अख्ख्या गावांचे ऐकायचे असते तेव्हा काय होते, हे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांनी अनुभवले आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे आठ हजार जीव गेले. त्याआधी वर्षभर, १९९२ च्या ऑक्टोबरपासून, किल्लारी परिसरात लहान धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते आणि लोक ते सांगतही होते. नकाशावर मात्र हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. लहान धक्क्यांनंतर मोठा भूकंप येईलच, असे विज्ञान तेव्हाही सांगू शकत नव्हते आणि आजही सांगू शकत नाही. त्यामुळे ऐकले असते तर भूकंपाची वेळ कळली असती, असे म्हणता येणार नाही. पण नकाशा आणि माणसांचा अनुभव जुळत नसेल, तर नकाशाही पुन्हा तपासावा लागतो, एवढे त्यातून नक्की कळले. पुढे देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा बदलला आणि सर्वांत कमी धोक्याचा तो पट्टाच त्यातून गेला.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. चौकोनी आखणी, सरळ रुंद रस्ते, एकसारखी घरे. ही घरे जुन्यापेक्षा सुरक्षित होती, यात शंका नाही. पण गावे जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरली. शेजार तुटला, जनावरांच्या गोठ्याचा आणि ओसरीवरच्या बैठकीचा हिशेब आराखड्यात नीट बसला नाही. पुनर्वसनावर पुढे जे लिहिले गेले, त्यात हे वारंवार नोंदवलेले दिसते.

याच पुनर्वसनात एक वेगळा प्रयोगही झाला. जी गावे पूर्ण पडली नव्हती, तिथल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. पैसे घरमालकाला मिळणार होते आणि काम त्यानेच करून घ्यायचे होते. इथे प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. त्यांचे काम दुहेरी होते. अभियंत्याचे म्हणणे घरोघर सांगायचे आणि घरोघरचे म्हणणे अभियंत्याला सांगायचे. हप्ता कुठे अडला, भिंतीत आडवे दगड का घालायचे, कोणाला दगडाच्या घरात झोपायचीच भीती वाटते, हे या बायकांच्या कानावर यायचे. कागदावर ‘लाभार्थी’ असलेल्या माणसाचे ऐकायला गावातच एक जागा झाली. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका तिथल्या बायकांना भेटायला आणि आपला अनुभव सांगायला गेल्या होत्या.

भिंती उभ्या राहिल्या तरी मने सावरायला वेळ लागला. दिल्लीच्या एम्समधील मानसोपचारतज्ज्ञांनी भूकंपातून वाचलेल्या ४२ जणांची तपासणी केली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिक जणांना मानसिक आजार होता. त्यात आघातानंतरचा तणाव आणि नैराश्य प्रमुख होते. नाट्य-चित्रपटांतून आपल्याला माहीत असलेले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांनीही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसाठी या भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास केला. आपत्तीनंतर धान्य आणि पत्र्यांइतकीच कान देणाऱ्या माणसांचीही गरज असते, हे आपल्याकडे ठळक झाले ते या भूकंपानंतर.

ऐकणे म्हणजे बोलायला लावणे नव्हे

इथे एक सावधगिरी. दुःखात असलेल्या माणसाकडून सगळे वदवून घेतले की तो मोकळा होतो, असा समज आहे. संशोधन याला दुजोरा देत नाही. आघातानंतर लगेच एका बैठकीत सगळा प्रसंग पुन्हा सांगायला लावल्याने पुढचा मानसिक आजार टळतो, असे आढळलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिचे सूत्र तीन शब्दांचे आहे: पाहा, ऐका, जोडा. माणूस सुरक्षित आहे का ते पाहायचे, तो बोलेल तेवढे ऐकायचे आणि हवी ती मदत जोडून द्यायची. त्याला गप्प बसायचे असेल, तर शेजारी बसून राहणे हेही ऐकणेच.

आज आपल्या भागात ही गरज दोन ठिकाणी तातडीची आहे. पहिले ठिकाण शेतकऱ्याचे घर. पाऊस, सोयाबीनचा भाव, कर्ज, मुलीचे लग्न हे सगळे एकाच डोक्यावर असते आणि पुरुषाने रडायचे नाही, असा दंडक असतो. शेजारच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना ऐकण्याचे, नैराश्य ओळखण्याचे आणि पहिल्या टप्प्याच्या समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. गरज पडेल तिथे डॉक्टर होतेच. नैराश्य असलेल्या लोकांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावातल्या माणसालाही ऐकायला शिकवता येते, हे यातून दिसले.

दुसरे ठिकाण लातूर-नांदेडच्या क्लासेसचे. ‘लातूर पॅटर्न’च्या नावाने बाहेरगावची हजारो मुले इथे खोली घेऊन, मेसचे जेवून नीटची तयारी करतात. रात्री घरून फोन येतो आणि पहिलाच प्रश्न असतो, ‘टेस्टला किती पडले?’ मुलगा आकडा सांगतो. आकडा कमी असेल तर पुढे काय ऐकायचे ते त्याला पाठ असते. हळूहळू तो फोन टाळू लागतो. त्याऐवजी ‘झोप लागते का? आज काय जेवलास? कोणाशी बोललास?’ असे विचारून थांबले, तर मार्कांच्या पलीकडचे ऐकू येते.

‘आता माझं काही खरं नाही’, ‘मी नसलो तर तुमचं बरं होईल’ अशी वाक्ये हसण्यावारी नेऊ नयेत. एकाएकी गप्प होणे, झोप उडणे, दारू वाढणे, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, निरवानिरवीची भाषा करणे या खुणा आहेत. अशा वेळी ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट माणसाला सुटल्यासारखे वाटते. त्याला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे घरात उघडी ठेवू नयेत. कुलपात ठेवावीत, किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. त्यावर मराठीतही बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

ऐकत नाही, की ऐकू येत नाही?

घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल ‘आता ते कोणाचं ऐकतच नाहीत’ अशी तक्रार असते. कधी कधी त्यांना खरोखरच ऐकू येत नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना कमी-अधिक श्रवणदोष आहे. ऐकू येईनासे झाले, की माणूस गप्पांतून उठून जातो, चुकीची उत्तरे देतो, चिडतो आणि एकटा पडतो. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता किंवा कमी करता येण्याजोग्या १४ घटकांची यादी ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये दिली. त्यात श्रवणदोष आहे. टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल, ‘काय म्हणालास?’ वारंवार येत असेल, तर कानाची तपासणी करून घ्यावी. कधी नुसता मळ असतो, कधी यंत्र लागते. कमी ऐकू येणाऱ्याशी ओरडून नव्हे, तर समोर बसून, उजेडात आणि सावकाश बोलावे. ओठ दिसले की निम्मे काम होते.

करायचे काय?

डॉक्टरांनी पहिले मिनिट रुग्णाला द्यावे. पेन खाली, मोबाइल बाजूला, नजर समोर. तो थांबला की विचारावे, ‘अजून काही?’ दारात येणारे वाक्य या दोन शब्दांनी खुर्चीतच येते. मग ऐकलेले एका वाक्यात परत सांगावे, ‘म्हणजे चार दिवस डोकं दुखतंय आणि कालपासून हात ढिला पडलाय, असंच ना?’ चुकले असेल तर रुग्ण दुरुस्त करतो. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीतिमूल्ये आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला आहे. विद्यार्थी तो वर्गात शिकतात, पण वरिष्ठ डॉक्टर वॉर्डात कसे ऐकतात हे पाहून तो पक्का होतो.

रुग्णाच्याही हातात बरेच असते. घरून निघतानाच तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: काय होते, केव्हापासून होते, कोणती औषधे चालू आहेत. जी भीती सर्वांत मोठी, ती सर्वांत आधी सांगावी. ‘गॅस’, ‘पित्त’, ‘वात’ असे निदान सांगण्यापेक्षा नेमके काय जाणवते ते सांगावे. काही लपवू नये. दारू, तंबाखू, बंद केलेल्या गोळ्या आणि गावातल्या दुसऱ्या डॉक्टरचे इंजेक्शनसुद्धा.

ऐकणे दोन्ही बाजूंनी लागते. डॉक्टरांनी सांगितलेल्यातले ४० ते ८० टक्के रुग्ण लगेच विसरतात, असे संशोधन सांगते. म्हणून ‘समजलं का?’ असे विचारू नये. मान सगळेच हलवतात. त्याऐवजी म्हणावे, ‘मावशी, घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्यायची हे सुनेला कसं सांगाल?’ मावशींनी जेवणानंतरची गोळी उपाशीपोटी सांगितली, तर चूक तिथेच दुरुस्त होते.

घरात नियम आणखी सोपा आहे. समोरचा बोलत असताना उत्तर तयार करत बसू नये. माणूस मिनिटाला साधारण सव्वाशे ते दीडशे शब्द बोलतो आणि आपला मेंदू त्याहून बराच वेगाने समजू शकतो. उरलेल्या वेळात आपण सल्ला जुळवतो, चूक शोधतो किंवा मोबाइल चाळतो. तो वेळ त्याच्या चेहऱ्याला द्यावा. ‘टेन्शन घेऊ नको’, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’, ‘लोकांना बघ किती दुःख आहे’ या तीन वाक्यांनी बोलणारा माणूस गप्प होतो. ‘मग काय झालं?’ या वाक्याने तो बोलत राहतो. आणि ऐकलेले दुसऱ्या दिवशी पारावर सांगू नये, नाहीतर तो पुन्हा कधीच बोलणार नाही.

आज रात्री घरातल्या एका माणसाला दोन मिनिटे मध्ये न बोलता ऐकून पाहा. घड्याळ लावले तरी चालेल. दोन मिनिटे किती मोठी असतात आणि तेवढ्यात किती कळते, ते लक्षात येईल.